अठरा व्होल्टची शेजपाळी

आमच्या नव्या सेट-टॉप बॉक्सला मागच्या बाजूला एक नाही, दोन तोंडं आहेत, ही बातमी इमारतीतल्या सहाही घरांना कळली ती माझ्यामुळे नाही. मी फक्त माहितीपुस्तिका वाचत होते. पान सातवर आकृती होती. ती मी मनातल्या मनात पाहत होते, पण मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि गॅलरीत जाऊन जाहीर केलं, "आमच्या डब्याला दोन तोंडं हायत!"

खालच्या मजल्यावरून बसलिंगप्पांचा आवाज आला, "मग लई खाईल, भुजंगराव."

डबा सुदर्शननं, माझ्या नवऱ्यानं, लातुरात घेतला होता. तो नोकरीसाठी लातूरला असतो आणि शनिवारी नांदेडला घरी येतो. आठवडाभर लातुरात राहिलेल्या माणसाला नांदेडच्या दुकानांत काहीच चांगलं दिसत नाही, हा एक स्वतंत्र विषय आहे. या डब्यात दोन ट्युनर होते. एका ट्युनरवर एक वाहिनी बघायची आणि त्याच वेळी दुसऱ्यावर दुसरी रेकॉर्ड करून ठेवायची, अशी सोय. सुदर्शननं तो टेबलावर ठेवला, "केबल तेवढी तू बघ, तुझाच विषय आहे," म्हणाला आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीनं निघून गेला. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. त्यामुळे घरातला मिक्सर, शेजारच्यांची बेल आणि इमारतीची पाण्याची मोटर हे सगळे माझेच विषय आहेत असं समजलं जातं.

दोन ट्युनरांची गरज पडली ती संध्याकाळी सातमुळे. सात वाजता मामा एका मराठी वाहिनीवरची चर्चा बघतात. त्यात चार माणसं एकाच वेळी बोलतात आणि पाचवे मामा असतात. आणि येत्या शुक्रवारी बरोबर सात वाजता एका लहानशा कन्नड वाहिनीवर नीलम्मा गाणार होती.

नीलम्मा ही माझ्या सासूबाईंची, म्हणजे आत्याबाईंची, मैत्रीण. दोघी देगलूरकडच्या एकाच गावच्या, एकाच जात्यावर दळायला बसणाऱ्या. एकीची ओवी मराठीत सुरू व्हायची आणि दुसरी ती कन्नडात संपवायची, त्या गावात त्याचं कुणाला नवल नव्हतं. पुढे नीलम्मा बिदरकडे दिली गेली आणि आत्याबाई इकडे. आता वाहिनीवाले जुन्या ओव्या गाणाऱ्या बायका शोधत नीलम्माच्या दारात पोचले होते. तिनं फोन केला होता, "रुक्का, तुझी बी एक ओवी म्हनून आले बघ मी. बघशील न्हवं?"

आत्याबाईंनी ती गोष्ट घरात फक्त मला सांगितली, तीही भाकरी थापताना, परातीकडे बघत. मी म्हटलं, "बघू आपण. नक्की बघू." एवढाच शब्द मी दिला होता. पण दिला होता.

फोनवर का बघितलं नाही, असं मला कॉलेजातही विचारून झालंय. ती वाहिनी फोनवर दोन-दोन मिनिटांचे तुकडेच टाकते. शिवाय आत्याबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. "फोनात नीलम्मा अंगठ्याएवढी दिसंल," त्या म्हणाल्या, "लहानपणी बी येवढी बारकी नव्हती ती." बसलिंगप्पांकडे कन्नड वाहिन्या लागतात आणि त्यांनी आग्रहानं बोलावलंही होतं. पण आत्याबाई म्हणाल्या, "सोताच्या घरात टीव्ही असून मी लोकाच्या घरी जाऊन बसू? एवढी काय येळ आली न्हाई."

आता तुम्हाला असा प्रश्न पडला असेल, की मामांनी एका शुक्रवारी आपली चर्चा सोडली तर काय बिघडणार होतं? आमच्या घरात हा प्रश्न तोवर कुणालाच पडला नव्हता.

दोन ट्युनरांना गच्चीवरच्या डिशपासून दोन स्वतंत्र केबली लागतात. आमच्या डिशला एकच होती. डिशच्या ताटलीसमोर दांड्यावर एक मुटकुळं बसवलेलं असतं, त्याला एलएनबी म्हणतात. ते दोन तोंडांचं बसवायचं आणि दुसरी केबल जिन्याच्या भिंतीवरून दुसऱ्या मजल्यावर आमच्या घरात आणायची. काम एका तासाचं. पण तिसऱ्या मजल्यावर वैजनाथराव राहतात आणि केबल त्यांच्या दारावरून जाणार होती.

वैजनाथराव तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी आमच्या सहा घरांच्या सोसायटीचे सचिव झाले. मध्ये एक दिवसही रजा घेतली नाही. त्यांच्याकडे आवक-जावक नोंदवही आहे. मी सोमवारी जिन्यात त्यांना सहज विचारलं, तर ते म्हणाले, "मॅडम, तोंडी काही नसतं. अर्ज द्या. ना हरकत देऊ."

मी माझ्या नावानं, म्हणजे राजकन्या या नावानं, अर्ज दिला. संध्याकाळी तो त्रुटीसह परत आला. नकाशा जोडलेला नव्हता. मी नकाशा काढला. एकास पन्नास प्रमाणात जिन्याचा उभा छेद, पायऱ्या मोजून. खोटं कशाला सांगू, मला तो काढताना आनंद झाला. वैजनाथरावांनी तो आधी उलटा आणि मग सुलटा धरला. "उत्तर दिशा दाखवलेली नाही," ते म्हणाले.

"उभ्या छेदात उत्तर दिशा नसते," मी म्हटलं.

"नसली तरी दाखवायची पद्धत आहे."

मी जिन्याच्या कठड्यावर टेकवून एक बाण काढला. त्यांचं समाधान झालं. मग त्यांनी अर्ज पुन्हा वाचला आणि घर सुदर्शनच्या नावावर असल्यामुळे अर्जदार मी नाहीच, हे माझ्या लक्षात आणून दिलं. सुदर्शनची शाईची सही हवी होती. फोनवरून आलेला सहीचा फोटो त्यांनी चष्मा काढून, चष्मा घालून असा दोनदा पाहिला आणि म्हणाले, "ही सही नाही मॅडम, सहीचं चित्र आहे."

तेव्हा सुदर्शननं लातुरातच अर्ज लिहिला, सही केली आणि मंगळवारी दुपारी पाकीट एसटीच्या कंडक्टरच्या हाती दिलं. तासाभरानं फोन आला. पाकीट देगलूरच्या गाडीत गेलं होतं.

"मी त्याला विचारलं ना," सुदर्शन म्हणाला, "की नांदेडला जाते का? तो म्हणाला, नांदेड जिल्ह्यातच जाते."

भौगोलिकदृष्ट्या कंडक्टरचं बरोबर होतं.

त्याच मंगळवारी मी कॉलेजातून घरी आले तर मामा डब्याशेजारी पाय पसरून बसलेले. डब्याच्या दोन्ही तोंडांत केबली होत्या आणि त्या दोन्ही केबली एका पितळी तिकाटण्यात जाऊन एक झाल्या होत्या.

"मामा, काय केलं हे?"

"टी टाकला," मामा म्हणाले. "वजिराबादच्या बाजारातून आणला. शेतात ठिबक बसवलं तवा काय केलं होतं? मेन लाइन एक, टी टाकला की दोन नळ्या. त्याला का ना हरकत लागती?"

"मामा, हे पाणी नाही."

"आं?"

माझा आवाज मुळातच लहान आहे. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत तो पोचत नाही अशी तक्रार आहे, आणि मामा तर शेवटच्या बाकापेक्षाही लांब असतात. मी पुन्हा सांगणार तेवढ्यात त्यांनी टीव्ही लावला. चित्र आलं. स्वच्छ आलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग ते गॅलरीत गेले.

"झालं काम!" त्यांनी खाली सांगितलं. "सून एमेस्सी हाय, नकाशे काढून राहिली. आपण दीड मिनिटात केलं!"

"मग काय तर!" बसलिंगप्पा म्हणाले.

मी सात वाजेपर्यंत थांबले. मामांनी चर्चा लावली, मी चाचणी म्हणून कन्नड वाहिनी रेकॉर्डला टाकली आणि साडेसातला ते रेकॉर्डिंग उघडून दाखवलं. काळा पडदा आणि त्यावर दोन शब्द: सिग्नल नाही.

"मेन व्हॉल बंद आसंल," मामा म्हणाले.

मी त्यांना समजावून सांगितलं. उपग्रहाकडून लहरी दोन प्रकारे येतात, काही उभ्या आणि काही आडव्या. साधी एलएनबी एका वेळी एकाच प्रकारच्या घेते. कोणत्या घ्यायच्या ते डबाच केबलमधून विजेचा दाब पाठवून सांगतो. उभ्या हव्या असल्या तर तेरा व्होल्ट, आडव्या हव्या असल्या तर अठरा. एकाच केबलमध्ये दोघांनी मागणी केली, तर अठरावाल्याचं ऐकलं जातं आणि तेरावाल्याला काही मिळत नाही. हे बहुतेक घरांत असंच चालतं, फक्त तिथे मीटर लावून दाखवता येत नाही. शेवटचं वाक्य मी मामांना सांगितलं नाही.

मामांनी विचार केला. मग खालच्या मजल्याकडे बोट करून हळूच म्हणाले, "म्हंजी बसलिंगप्पाच्या कपाळाला आडवं भस्म, आपल्या कपाळाला उभं गंध, तसं?"

"तसंच समजा. पण मामा, या केबलमध्ये तुमचं चॅनेल आडवं आहे."

"मी? आडवा?" मामा ताठ झाले. "आजवर कुणाला आडवा गेलो न्हाई मी!"

आत्याबाई स्वयंपाकघरात होत्या. तिथून उलथन्याचा आवाज जरा मोठ्यानं आला.

बुधवारी पाकीट देगलूरच्या बसस्थानकात सुखरूप असल्याचं कळलं. ते शनिवारपर्यंत येणार नाही, असंही कळलं. आणि गुरुवारी टीव्हीवरून सगळंच गेलं. आडवंही नाही आणि उभंही नाही.

मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. बावीस मिनिटं बासरी ऐकली. मग एका बाईंनी तक्रार क्रमांक दिला, आणि मी फोन ठेवायच्या आत मोबाइलवर संदेश आला, की आपल्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालं आहे. मी गच्चीवर गेले. तिथे बसलिंगप्पा कपडे वाळत घालत होते आणि माझी नजर चुकवत होते.

"बसलिंगप्पा, डिशला कुणी हात लावला का?"

"हात असा न्हाई, मॅडम," ते म्हणाले. "मी लई दिवसांपासून बघून राहिलो. तुमच्या डिशचं तोंड दक्षिणेला हाय. यमाची दिशा. घरात दोघांचं जमंना, त्याचं कारण तेच. म्हटलं, चार बोटं पूर्वेला करावं. चांगल्यासाठीच केलं."

उपग्रह विषुववृत्तावर असतो आणि नांदेड त्याच्या उत्तरेला आहे, त्यामुळे इथल्या सगळ्या डिश दक्षिणेकडेच बघतात, हे मी सांगितलं. बसलिंगप्पांनी गच्चीवरून दिसणाऱ्या आमच्या तरोडा भागातल्या सगळ्या डिशांवरून नजर फिरवली. "म्हनूनच," ते म्हणाले, "कुठल्याच घरात जमून राहिलं न्हाई."

डिश सरळ करायला शुक्रवारी दुपारी माउली आले. त्यांचं डिश दुरुस्तीचं दुकान आहे. पन्नाशीचे, शांत गृहस्थ, माझ्यासारखेच कमी बोलणारे. त्यांनी डिश पाच मिनिटांत जागेवर आणली, मग घरात येऊन डब्यामागचं पितळी तिकाटणं बघितलं.

"हे कुणी बसवलं, मॅडम?"

मामा पंख्याकडे बघू लागले.

"दोन तोंडांची एलएनबी माझ्या पिशवीतच हाय," माउली म्हणाले. "वायर बी हाय. तासाभरात करून देतो."

आम्ही दोघं वायरचं भेंडोळं घेऊन जिन्यात गेलो. तिसऱ्या मजल्यावर वैजनाथराव दारात उभे होते. हातात नोंदवही होती.

"ना हरकत?"

"अर्ज देगलूरला आहे," मी म्हटलं.

"मग काम पण देगलूरलाच करा."

मी त्यांना नीलम्माबद्दल सांगितलं. सात वाजता कार्यक्रम आहे, एका म्हाताऱ्या बाईची ओवी आहे, हे सांगितलं. ते ऐकून घेत होते, तोंडावर सहानुभूतीही होती. मग म्हणाले, "मॅडम, मला वाईट वाटतं. पण आज तुमची वायर, उद्या कुणाची गटार. मला पायंडा पाडता येत नाही." माउलींनी भेंडोळं पुन्हा पिशवीत भरलं. जाताना मला म्हणाले, "टी काढू नका आता. निदान एक तरी दिसंल."

मी घरात येऊन एक यादी केली. तेरा व्होल्टांच्या वाहिन्यांची. मामांनी सात वाजता यांपैकी कोणतीही लावली, तर कन्नड वाहिनी शेजारून रेकॉर्ड होऊ शकत होती. यादीत एक कार्टूनची होती, एक कुकर विकणारी, दोन ओडिया भजनांच्या आणि एक अखंड ज्योतिषाची. यादी घेऊन मी साडेसहापासून मामांच्या मागे उभी होते. बोलणं काही जमत नव्हतं.

पावणेसातला आत्याबाई आतून आल्या. त्यांनी ठेवणीतलं इरकल नेसलं होतं, वेणीही नव्यानं घातली होती. नीलम्माला जणू पडद्यातून दिसणार होतं. त्या खुर्चीवर बसल्या, पदर सारखा केला आणि पडद्याकडे बघू लागल्या. पडद्यावर मामांची चार माणसं बोलत होती; सातच्या आधी कालच्या चर्चेचं पुनःप्रक्षेपण असतं.

सातला पाच कमी. मी रेकॉर्डिंग लावून पाहिलं. सिग्नल नाही.

"मामा," मी म्हटलं.

"खोटं बोलतोय हा!" मामा टीव्हीतल्या दुसऱ्या माणसाला म्हणाले.

"मामा, चॅनेल बदलावं लागेल."

"कामून? टी हाय की. दोघांला पाणी हाय."

"हेडला हाय," आत्याबाई म्हणाल्या. "टेलला न्हाई."

मामांनी मान वळवली. हे दोन शब्द त्यांच्या जिव्हारी लागणारे होते. आमचं शेत उमरीकडे कालव्याच्या अगदी शेवटी, म्हणजे टेलला आहे. कालव्याच्या तोंडाशी, हेडला, ज्यांची शेतं, ते आधी पाणी ओढून घेतात आणि टेलवाल्यांच्या चाऱ्या, म्हणजे शेतापर्यंतचे पाट, कोरड्या राहतात. पाणी ठरलेल्या क्रमानं, एकामागून एक शेताला द्यायचं, त्याला शेजपाळी म्हणतात. ती शेजपाळी टेलपासून सुरू करा, यासाठी मामा बारा वर्षं अधिकाऱ्यांशी भांडले, मोर्चे नेले, एकदा कालव्यात खाट टाकून झोपले. हेडवाल्यांबद्दल ते आजही ज्या शब्दांत बोलतात, ते शब्द मी लिहीत नाही.

"कोण हेडला?" त्यांनी विचारलं.

"तुमी. आनि कोन?" आत्याबाई पडद्याकडेच बघत होत्या. "बेचाळीस वर्सं झाली, आवं. टेलला थेंब आला न्हाई."

टीव्हीतली चार माणसं बोलतच होती, पण पाचवं गप्प झालं. मला वाटलं, आता बोलले नाही तर पुन्हा कधी बोलणार नाही. मी घसा खाकरला आणि शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हटलं, "मामा, शेजपाळी टेलपासून सुरू करायची असते ना?"

मामा दचकले. मीही दचकले.

"नेम तर त्योच हाय," मामा म्हणाले. मग त्यांच्यातले पाणीवापर संस्थेचे माजी चेअरमन जागे झाले. "पण पाण्याची मागणी करावी लागती. सात नंबरचा फारम भरला होता का हिनं?"

"भरला की," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्या बापानं तुमच्या हातावर पाणी सोडलं, तवाच भरला."

मामांनी रिमोट उचलला, त्याकडे जरा वेळ बघितलं आणि आत्याबाईंच्या मांडीवर ठेवला. आत्याबाईंनी तो माझ्याकडे दिला. मी यादी खिशात घातली आणि थेट कन्नड वाहिनी लावली. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला.

मिनिटभरात दार वाजलं. बसलिंगप्पा होते. "दुभाष्या लागंल म्हनून आलो," ते म्हणाले आणि पुढच्या खुर्चीवर बसले. त्यांच्या मागे वैजनाथराव. "वायर ओढली का ते बघायला आलो," ते म्हणाले आणि दारातच उभे राहिले, पण पडदा नीट दिसेल अशा बेतानं.

नीलम्मा दिसली. पडदाभर दिसली. भरघोस बाई, कपाळावर विभूती, कॅमेरा सोडून भलतीकडेच बघणारी. आत्याबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "म्हातारी झाली की वं!" त्या म्हणाल्या.

निवेदक मुलीनं काहीतरी विचारलं, नीलम्मा बराच वेळ बोलली. बसलिंगप्पा सांगू लागले, "ती म्हनते, ही ओवी माझी न्हाई. माझ्या मैत्रिणीची हाय, रुक्काची. लगीन झाल्यावर पैल्या पंचमीला माहेरी आली, तवा जात्यावर बसून तिनं ही केली. आता ती नांदेडला ऱ्हाती. ती बघून राहिली आसंल, म्हनते."

"हाव," आत्याबाई पडद्याला म्हणाल्या. "बघून राहिले."

मामा खुशीत होते. बायकोचं नाव टीव्हीवर आलं होतं, तेही दोन शेजाऱ्यांच्या समोर. नीलम्मानं डोळे मिटले आणि कन्नड वळणाच्या मराठीत संथ सूर लावला:

"दळण सरलं बाई, जातं थांबलं माझ्या दारी,
थांबंना बोलायाचं, उमरीचं कारभारी."

ओवी दोनदा म्हणायची पद्धत असते. तिनं ती दोनदा म्हटली.

मग बसलिंगप्पांनी विचारलं, "ह्याचं भाषांतर करू का?"

"नाव दिलेलं नाही," वैजनाथराव दारातून म्हणाले. "पत्ता मात्र दिलेला आहे."

आत्याबाई पदर तोंडाशी धरून हसत होत्या. त्यांचे खांदे हलत होते, ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी येत होतं, त्या ते पुसत होत्या आणि पुन्हा हसत होत्या. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मामा गप्प होते. माझ्या घड्याळाप्रमाणे पन्नास सेकंद. मग ते माझ्याकडे सरकले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या हळू आवाजात विचारलं, "राजकन्या, हे भरलं का त्या डब्यात?"

"हो, मामा."

"पुसता येतं का?"

पुसण्याचं बटण रिमोटवर उजवीकडे खाली आहे. माहितीपुस्तिकेत पान एकोणीस. तीन सेकंद दाबून धरायचं.

"नाही, मामा," मी म्हटलं. "या मॉडेलमध्ये ती सोय दिलेली नाही."

"मग लाव गं पुन्हा," आत्याबाई म्हणाल्या.

मी आवाज चार खुणांनी वाढवला आणि पुन्हा लावलं.